सुशोभीकरण आणि प्रदर्शन : नवी मुंबईतील उद्यानांच्या निमित्ताने

सार्वजनिक उद्यानात कलाकृती दोन नात्यांनी येते. एक तर ती उद्यानाची शोभा वाढविण्यासाठी येते, किंवा ती स्वतः पाहिली जावी म्हणून येते. पहिल्या नात्यास प्रशासनाच्या भाषेत ‘सुशोभीकरण’ म्हणतात. दुसऱ्यास ‘प्रदर्शन’ हे जुने नाव आहे. व्यवहारात या दोहोंची सरमिसळ होते आणि ती कोणास खटकत नाही. परंतु निसर्गाचे चित्रण करणाऱ्या कलावंतास उद्यानात कोणते स्थान मिळते, हा प्रश्न या दोन शब्दांमधील भेदाशीच निगडित आहे.

‘सुशोभीकरण’ या शब्दातील ईकार हे संस्कृतातील च्वि प्रत्ययाचे चिन्ह होय. जे पूर्वी तसे नव्हते ते तसे करणे, हा त्या प्रत्ययाचा अर्थ. वैयाकरण यास अभूततद्भाव म्हणतात. ‘शुद्धीकरण’ म्हणताच आधीची अशुद्धता गृहीत धरली जाते. त्याच न्यायाने उद्यानाचे सुशोभीकरण म्हणताच, झाडे, पाणी व पाखरे असूनही ते स्थळ शोभाहीन होते, असे मानावे लागते. शिवाय कार्यालयीन गद्यात हा शब्द बहुधा ‘सुशोभीकरण करण्यात आले’ अशा रचनेत येतो, आणि या रचनेत कर्ता सांगण्याची गरज उरत नाही. ‘प्रदर्शन’ याच्या मुळाशी मात्र ‘दृश्’ धातूचे प्रयोजक रूप आहे. दाखविणारा, दाखविण्याची वस्तू आणि पाहणारा, या तिघांवाचून त्याचा अर्थ पूर्ण होत नाही.

या दृष्टीने नवी मुंबईकडे पाहावे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने हे शहर आखून वसविले आणि उद्याने ही त्या आखणीचाच भाग होती. येथील प्रसिद्ध उद्यानांची नावे वंडर्स पार्क, रॉक गार्डन, सेंट्रल पार्क अशी आहेत. नेरूळ येथे २०१२ मध्ये खुल्या झालेल्या वंडर्स पार्कात जगातील आश्चर्यांच्या प्रतिकृती उभ्या आहेत. मुलांना त्या आवडतात, आणि त्यांत वावगे काही नाही. तथापि प्रतिकृतीचे स्वरूपच असे की तिचे श्रेय मूळ वास्तूस जाते. ती घडविणारा हात अज्ञात राहतो. स्वच्छ सर्वेक्षणाच्या निमित्ताने शहरातील ज्या भिंती रंगविण्यात आल्या, त्यांच्या कडेलाही चित्रकाराचे नाव असतेच असे नाही.

वस्तुतः या शहराला लाभलेला निसर्ग उसना नाही. ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांच्या अभयारण्याची घोषणा २०१५ मध्ये झाली, आणि २०२२ मध्ये त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. या पक्ष्यास ‘रोहित’ व ‘अग्निपंख’ अशी दोन अर्थवाही नावे मराठीत असताना शहराच्या गौरवासाठी मात्र ‘फ्लेमिंगो सिटी’ हे बिरुद निवडले गेले. नाव उसने आणि रूपही उसने, अशा ठिकाणी स्वतःच्या डोळ्यांनी खाडी पाहणाऱ्या चित्रकारास वाव कोठून मिळणार?

कर्त्याचा असा लोप महाराष्ट्रात नवा नाही. पुण्याजवळील दापोडी येथे एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारची वनस्पतिबाग होती. अलेक्झांडर गिब्सन हे तिचे अधीक्षक असताना, १८४७ ते १८५० या काळात, तेथील वनस्पतींची सुमारे १७० चित्रे एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराने काढली. ती एडिंबरो येथील वनस्पतिउद्यानात जतन झाली असून हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. बागेचे नाव राहिले, अधीक्षकांचे राहिले. चित्रकाराचे मात्र राहिले नाही.

याच्या उलट उदाहरण लंडनजवळील क्यू उद्यानाचे. मेरिअ‍ॅन नॉर्थ यांनी देशोदेशी हिंडून काढलेली, त्यांत भारतातीलही, आठशेहून अधिक चित्रे तेथील एका स्वतंत्र दालनात आहेत. १८८२ मध्ये उघडलेले हे दालन त्यांनी स्वखर्चाने बांधविले आणि चित्रांची मांडणीही स्वतःच केली. नॉर्थ सधन होत्या, दापोडीचा चित्रकार पगारी होता, हा भेद येथे दृष्टीआड करता येत नाही. जी गोष्ट एकीला स्वतःच्या धनामुळे साध्य झाली, ती इतरांना नियमाने मिळवून देणे हेच सार्वजनिक संस्थेचे काम होय.

असा नियम आपल्याकडे अपरिचितही नाही. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधील पुष्पप्रदर्शनात उत्तम फूल वाढविणाऱ्यास स्पर्धक म्हणून मान असतो. मग त्याच फुलाचे चित्र काढणाऱ्यास तो का नसावा? मुंबईच्या राणीच्या बागेलगत असलेल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयानेही २००८ मध्ये नूतनीकरणानंतर खुले झाल्यावर समकालीन कलावंतांना निमंत्रण देऊन त्यांची प्रदर्शने भरविली. बाग आणि कला यांचा शेजार तेथे नावानिशी नांदला.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, उद्यान फिरण्यासाठी असते; ते कलादालन नव्हे. हे खरे, पण म्हणूनच प्रदर्शन ठरावीक मुदतीचे असावे. सुशोभीकरण जागा कायमची व्यापते, प्रदर्शन ती परत करते. दुसरा आक्षेप कोकणच्या पावसाचा. त्यास उत्तर ऋतुमानातच आहे : उघडिपीचे महिने आणि रोहित पक्ष्यांच्या मुक्कामाचे महिने बव्हंशी एकच आहेत.

तेव्हा फार मोठ्या खर्चाची अपेक्षा नाही. हिवाळ्यात एखाद्या उद्यानातील छपराखालची जागा, सर्वांस खुले असलेले आवेदन, निवडीचे लेखी निकष, आणि प्रत्येक कृतीखाली कलावंताचे नाव, विषय, माध्यम व वर्ष सांगणारी मराठी पट्टी एवढे पुरेसे आहे. अशी पट्टी लागली की चित्राची चिकित्सा करता येते, त्यास बरे-वाईट म्हणता येते. निनावी शोभेवर टीका होऊ शकत नाही, आणि जेथे टीका संभवत नाही तेथे कलेची वाढही खुंटते. ‘करण्यात आले’ या वाक्याला कर्ता मिळवून देणे, ही केवळ व्याकरणाची मागणी नाही.