एकल गिटारवादन : ब्रिजभूषण काबरा यांच्या वादनाचा विचार

एका वादकाने एकट्याने गिटार वाजवावी आणि मोजक्या श्रोत्यांनी ती जवळ बसून ऐकावी, या प्रसंगास युरोपात जो अर्थ आहे तोच भारतात नाही. आंद्रेस सेगोव्हिया (१८९३-१९८७) यांचा अंगठा खर्जाच्या तारा सांभाळी आणि इतर बोटे वरच्या तारांवर चाल खेळवीत. एकाच वाद्यातून दोनतीन आवाज एकाच वेळी ऐकू येत. तेथे ‘एकल’ हे विशेषण वादकापुरते खरे असते, नादापुरते नव्हे. ब्रिजभूषण काबरा (१९३७-२०१८) यांनी गिटार हिंदुस्थानी रागसंगीतात आणली, तेव्हा हे बहुध्वनित्वच प्रथम सोडावे लागले. जे सोडले त्याच्या मोबदल्यात काय मिळाले, हा खरा प्रश्न आहे.

गिटारीचे पडदे सप्तकाचे बारा समान भाग करतात. अहिर भैरवातील कोमल ऋषभ अशा ठरीव घरात नांदत नाही. त्यास आंदोलन हवे असते. ठरीव स्वरांच्या हार्मोनियमवर याच जातीचा आक्षेप होता. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तीवर घातलेली बंदी १९७१ साली कोठे सैल झाली. काबरा यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली आणि तारांवरून धातूची कांब सरकविण्याची हवाईयन पद्धती स्वीकारली. चित्रपटगीतांच्या धुना वाजविण्यासाठी ती येथे रूढ झालेलीच होती. परंतु उस्ताद अली अकबर खाँ यांच्या या शिष्याने तिला आलापाची शिस्त लावली. पडदे असूनही नसल्यासारखे झाले.

या वादनाचे मर्म भाषेच्या दृष्टांताने सांगता येईल. तारेवरील आघात हे व्यंजन मानले, तर त्यानंतर उरणारा नाद हा स्वर होय. कांबेच्या योगे एकाच आघातावर तीनचार स्वरस्थाने ओवली जातात. म्हणून विलंबित आलापात हे वाद्य कंठाच्या निकट येते. मात्र द्रुत तानेत हाच गुण दोष ठरू शकतो. कांब एका स्थानावरून दुसऱ्यावर जाताना मधली घसर पुरती पुसली जात नाही आणि घाईने बोलणाऱ्याची व्यंजने गिळली जावीत तशा स्वरांच्या कडा बोथटतात. शिवाय भाषेत अर्थ भेदावर उभा असतो. मींड सर्वत्र आली, की ती विशेष म्हणून ऐकूच येत नाही. उरते केवळ माधुर्य.

‘कॉल ऑफ द व्हॅली’ (१९६७) या ध्वनिमुद्रिकेत हा धोका टळला आहे, आणि त्याचे कारण तिच्या रचनेत आहे. तिचे निर्माते जी. एन. जोशी हे स्वतः मराठी भावगीताचे आद्य गायक. काश्मिरातील एका मेंढपाळाचा दिवस, ही तिची कल्पना. शिवकुमार शर्मा यांच्या संतूरात आघात ठळक, मींड जवळजवळ नाही; हरिप्रसाद चौरसिया यांच्या बासरीत आघात नाही, श्वास अखंड. गिटार या दोहोंच्या मध्ये उभी राहते : आघाताने आरंभ, मींडेने शेवट. शेजारच्या वाद्यांमुळेच तिचे स्वत्व उमटते. अर्थात अहिर भैरवापासून पहाडीपर्यंतचा प्रवास एका तबकडीत बसविल्याने रागविस्तारास कात्री लागली आहे, हेही नोंदविले पाहिजे.

एकल बैठकीत असे शेजारी नसतात. तबला लयीचा आधार देईल, तंबोरा षड्जाचा. पण नादातील भेद वादकास स्वतःच्याच हातून निर्माण करावा लागतो. बिनमींडेचा सरळ स्वर, दोन आघातांमधील निःशब्द अवकाश, नाद विझू देण्याचे धैर्य ही त्याची साधने होत. मोठ्या सभागृहात ध्वनिवर्धक उणिवा झाकतो. करावे येथील एखाद्या दिवाणखान्यात दहापंधरा श्रोत्यांपुढे तसे होणार नाही. तेथे असे वादन कोणी केले, तर त्याची कसोटी किती स्वर जोडले ही नसून कोठे जोडले नाहीत ही असेल. काबरा यांनी गिटारीस एक वाणी दिली. त्या वाणीस विराम शिकविणे हे तिच्या पुढील वादकांचे काम आहे.