क्षेपणास्त्राचे चित्र तपासून पाहू

कर्करोगावरील नॅनोकणांविषयीच्या लेखांत एक चित्र हमखास आढळते. इवलेसे क्षेपणास्त्र रक्तातून जाते, गाठ अचूक शोधते आणि तिच्यावरच औषध सोडते. मुलांना ते चटकन पटते. आम्हाला मात्र ते दिशाभूल करणारे वाटते.

या प्रकारातले जुने उदाहरण घेऊ. १९९५ साली अमेरिकेत ‘डॉक्सिल’ला मान्यता मिळाली. त्यातील डॉक्सोरुबिसिन हे औषध प्रभावी, पण हृदयाच्या स्नायूंना इजा करणारे. डॉक्सिलमध्ये ते मेदद्रव्याच्या सूक्ष्म पिशवीत भरतात. पिशवीचा व्यास सुमारे १०० नॅनोमीटर. अशा दहा हजार पिशव्या ओळीने मांडल्या तर एक मिलिमीटर भरेल.

ही पिशवी काहीही शोधत नाही. रक्ताबरोबर शरीरभर फिरते. अनेक गाठींतील रक्तवाहिन्या घाईघाईने वाढलेल्या असल्याने त्यांच्या भिंतींत मोठ्या फटी राहतात. त्यांतून काही पिशव्या पाझरतात. हृदयातील रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट असतात, म्हणून तेथे औषध कमी झिरपते.

मग गाठीपर्यंत पोहोचते किती? टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली आधीच्या दहा वर्षांतील, प्राण्यांवरील प्रयोगांचा आढावा प्रसिद्ध केला. गाठीत पोहोचलेल्या नॅनोकणांच्या प्रमाणाचा मध्यक होता ०.७ टक्के, म्हणजे हजारांत सात! बरेचसे कण यकृत आणि प्लीहेतील भक्षक पेशी गिळून टाकतात.

म्हणून हे तंत्र निरुपयोगी ठरते का? मुळीच नाही. पसरलेल्या स्तनकर्करोगावरील, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डॉक्सिलचा रोगावरील परिणाम साध्या डॉक्सोरुबिसिनइतकाच दिसला, पण हृदयाची हानी बरीच कमी झाली. तळहात-तळपायांची त्वचा सोलवटण्याचा त्रास मात्र वाढला. क्षेपणास्त्राच्या चित्रात यातले काहीच दिसत नाही. ना खरा फायदा, ना त्याची किंमत.

वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी असे उपचार चालू असू शकतात. ‘औषध फक्त गाठीवरच जाते’ असे शिकलेल्या त्या मुलाने आईच्या सोललेल्या तळहातांचा अर्थ काय लावायचा? तेव्हा पुढच्या वेळी हे चित्र समोर आले, की मुलांना तीन प्रश्न जरूर विचारावेत: कण गाठीपर्यंत कसा पोहोचतो? उरलेले कण कोठे जातात? आणि रुग्णाचा नेमका कोणता त्रास कमी होतो?