‘डिअर जिंदगी’ आणि मानसोपचारातील व्यावसायिक मर्यादा

गौरी शिंदे दिग्दर्शित ‘डिअर जिंदगी’ हा हिंदी चित्रपट नोव्हेंबर २०१६ मध्ये प्रदर्शित झाला. मानसोपचार घेणे म्हणजे वेड लागणे नव्हे, ही गोष्ट त्याने सामान्य प्रेक्षकापुढे मोकळेपणाने मांडली, हे त्याचे श्रेय निर्विवाद होय. तथापि उपचारक व उपचारार्थी यांच्यातील मर्यादांचे त्यातील चित्रण तपासून पाहणे आवश्यक ठरते.

डॉ. जहांगीर खान कायराला गोव्याच्या समुद्रकिनारी नेतात, लाटांशी कबड्डी खेळावयास लावतात. उपचार खोलीबाहेर गेले, असा आक्षेप येथे सहज घेता येतो. परंतु तो वरवरचा आहे. गुथाइल व गॅबार्ड यांनी १९९३ मध्ये मर्यादा ओलांडणे आणि मर्यादाभंग करणे यांत भेद केला. पहिली गोष्ट निरुपद्रवी, प्रसंगी हितकारकही असू शकते. दुसरीत उपचारार्थीची हानी होते. समुद्रकिनाऱ्यावरील प्रसंग कायराच्याच गरजेतून येतो, म्हणून तो या कसोटीवर टिकतो.

खरी अडचण शेवटच्या भेटीत आहे. कायरा आपले आकर्षण बोलून दाखविते. अशी भावना स्वाभाविक असल्याचे सांगून डॉक्टर नकार देतात. नकार योग्यच. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची नीतिसंहिता तर उपचार संपल्यानंतरही किमान २ वर्षे लैंगिक संबंधांना मनाई करते, व त्यापुढेही ते अपवादात्मक स्थितीतच क्षम्य मानते. पण फ्रॉइडने १९१५ मध्येच असे प्रतिपादन केले होते की, हे प्रेम तृप्त करावयाचे नसते आणि दडपावयाचेही नसते; त्याचे विश्लेषण करावयाचे असते. चित्रपटात मात्र जेथे विश्लेषण सुरू व्हावे तेथेच उपचार संपतात. शिवाय डॉक्टरांच्या भूमिकेत शाहरुख खान! पडद्यावरील या चिरंतन प्रियकराचा नकार प्रेक्षकाला व्यावसायिक कर्तव्य न वाटता नायकाचा त्याग वाटतो. मर्यादा ही व्यवसायाची अट न राहता एका भल्या माणसाचा सद्गुण बनते.

मानसशास्त्राच्या वर्गात हा चित्रपट दाखविताना ही बाब निसटू नये. ज्या महाविद्यालयात मानसशास्त्राचा अध्यापकच समुपदेशन कक्ष सांभाळतो, तेथे विद्यार्थ्याचे गुपित आणि त्याचे अंतर्गत गुण एकाच हाती असतात. तो अध्यापक कितीही सज्जन असला तरी ही दुहेरी भूमिका नाहीशी होत नाही. कायराला शुल्क देऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जाता आले असते. त्या विद्यार्थ्यासमोर बहुधा दुसरे दारच नसते.