स्कार्लाटीचा एक सोनाटा : परक्या भूमीतील बांधणी

पाश्चात्त्य संगीतातील जुन्या रचनांकडे आपण मराठी रसिक बहुधा दोन वृत्तींनी पाहतो. एक तर ‘ते आपले नव्हे’ म्हणून त्या दूर ठेवतो, नाही तर वादकाच्या बोटांच्या चपळाईने दिपून जातो. दोमेनिको स्कार्लाटीचा डी मायनरमधील सोनाटा (कर्कपॅट्रिक सूची, क्रमांक १४१) या दोन्ही वृत्तींना पुरून उरणारा आहे, असे आम्हांस वाटते.

स्कार्लाटीचा जन्म १६८५ साली नेपल्स येथे झाला. पुढे तो पोर्तुगालची राजकन्या मारिया बार्बारा हिचा संगीतशिक्षक झाला. १७२९ मध्ये तिचा विवाह स्पेनच्या युवराजाशी झाला, तेव्हा तिच्यामागोमाग तोही स्पेनला गेला आणि १७५७ साली माद्रिद येथेच निवर्तला. १७३८च्या सुमारास त्याने छापलेला तीस सोनाट्यांचा संग्रह तिचा पिता, पाचवा जॉन राजा, यास अर्पण केलेला आहे. याच राजाकडून चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये वसई घेतली. हा काळ आपणांस वाटतो तितका परका नाही.

हार्पसिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की पिसाचे टोक तार छेडते. बोटाच्या जोराने नाद लहानमोठा करण्याची सोय त्यात जवळजवळ नाही. म्हणून भावाचा सारा भार लयीवर आणि स्वरपुंजांवर पडतो. या सोनाट्यात उजवा हात एकच स्वर झपाट्याने पुनःपुन्हा छेडतो. सतारीचा झाला ज्यांच्या कानांत आहे, त्यांना ही ओढ चटकन उमगेल. डावा हात लगतचे स्वर एकत्र दाबून खरखरीत आघात करतो. त्यांत स्पॅनिश गिटारचा भास होतो.

साम्य येथवरच. झाल्यात षड्ज अढळ असतो. येथे पूर्वार्ध संपेतो आधारस्वरच हललेला असतो आणि उत्तरार्ध बराच भटकून मूळ जागी परततो. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला हे प्रथम बेघर झाल्यासारखे वाटते. दोन्ही भाग पुनरावृत्तीसह ऐकले की वाट ओळखीची होते, आणि परतीचे समाधान समेइतकेच खरे ठरते.

आमचा आक्षेप आहे तो आजच्या काही पियानोवादनांवर. अतिद्रुत लयीत डाव्या हाताची खरखर गुळगुळीत होते, आणि रचनेचा प्राणच हरपतो. ती खरखर हेच तर स्कार्लाटीने नव्या भूमीकडून घेतलेले देणे! बांधणी इटालियन, झंकार स्पॅनिश. एकाने दुसऱ्याला गिळलेले नाही.

आपल्या पेटीचेही असेच झाले. परदेशातून आलेल्या या वाद्याला ऑल इंडिया रेडिओने १९४० साली दार बंद केले. पण तत्पूर्वीच १९११च्या ‘मानापमान’चे संगीतकार गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी तिला मराठी घरची करून टाकले होते.

कोसाड-सुरतेकडे पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आपल्या कुटुंबांत मुलांच्या मराठीला गुजराती लकब आली, याची खंत नेहमी ऐकू येते. स्कार्लाटी ऐकून ही खंत आम्हांस अनाठायी वाटू लागते. भोवतालचा सूर आत आल्याने रचना दुबळी होत नाही, बांधणी सुटली तर होते. लकबीची चिंता करणाऱ्या घरांत मराठी पुस्तक उघडले जाते काय, हे आधी पाहावे.