‘उतारा’ म्हणताना काय निसटते?

विंचूदंशावर प्राझोसिन उपयोगी पडते, हे महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी दाखवले. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्यांचा निबंध छापला. या कामावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले, आणि ते योग्यच. मात्र त्यात वारंवार येणाऱ्या ‘विषावरचा उतारा’ या शब्दाला माझा आक्षेप आहे. प्राझोसिन विषाच्या रेणूला स्पर्शही करत नाही.

मग ते करते काय? लाल विंचवाचे विष चेतातंतूंमधील सोडियमच्या मार्गिका वेळेवर मिटू देत नाही. चेता पुन्हापुन्हा उद्दीपित होतात आणि ॲड्रेनॅलिन, नॉरॲड्रेनॅलिन यांचा रक्तात पूर येतो. पुढचे सारे बारीक रोहिण्यांच्या भिंतीत घडते. तेथील अरेखित स्नायूपेशींवर ‘अल्फा-१’ ग्राही असतात. संप्रेरक त्यांना चिकटले की पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटते. शिवाय पेशीपटलावरील विद्युतभार बदलून कॅल्शियमच्या मार्गिका उघडतात आणि बाहेरचे कॅल्शियमही आत शिरते. पेशी आकुंचन पावते. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर रोध १६ पट होतो. हे गणित वर्गात अवश्य करून घ्यावे. शिणलेल्या हृदयाला या रोधाविरुद्ध रक्त ढकलावे लागते व फुप्फुसांत पाणी साचू लागते. प्राझोसिन अल्फा-१ ग्राही अडवते, इतकेच. विष तसेच राहते.

‘ॲड्रेनॅलिनने रक्तवाहिन्या आकसतात’ हे आपले नेहमीचे वाक्यही अर्धेच आहे. हातापायांच्या स्नायूंतील रक्तवाहिन्यांवर ‘बीटा-२’ ग्राही पुष्कळ असतात. तेथे तेच संप्रेरक, अल्प प्रमाणात असताना, पोटॅशियमच्या मार्गिका उघडते आणि नळी सैल पडते. कोणत्या ग्राहीशी कोणती मार्गिका जोडलेली आहे, यावर परिणाम ठरतो. संप्रेरके एका प्रकरणात आणि स्नायू दुसऱ्यात शिकवले की हा दुवा हरवतो. हिंगोलीकडच्या शाळेत तो जोडायला उदाहरण शोधावे लागणार नाही; विंचू तिथल्या मुलांनी दगडाखाली, गवऱ्यांत पाहिलेला असतो.

२०११ मध्ये बावसकर दांपत्याने ७० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. प्राझोसिनबरोबर प्रतिविष दिलेले रुग्ण, केवळ प्राझोसिन दिलेल्यांपेक्षा लवकर बरे झाले. प्राझोसिन हाच उतारा असता, तर प्रतिविषाला करण्यासारखे काय उरले असते?

शब्दाचा हा घोळ कागदावरच राहत नाही. ‘उतारा दिला’ असे ऐकले की नातेवाईक रुग्णाला घरी न्यायला उठतात. गोळीचा प्रभाव काही तासांत ओसरतो, मात्रा पुन्हा द्यावी लागते, आणि तोवर रुग्णाला आडवेच ठेवावे लागते. एकदम उभे केले तर रक्तदाब कोसळतो.