क्रुपचा चेहरा आणि दिव्यांची जागा

पडद्यावर दोन छायाचित्रं आहेत. डावीकडे चर्चिल, यूसुफ कार्श यांनी ३० डिसेंबर १९४१ रोजी ओटावाच्या संसदभवनात टिपलेले. उजवीकडे जर्मन उद्योगपती आल्फ्रीड क्रुप. अर्नोल्ड न्यूमन यांनी १९६३ मध्ये एसेनच्या कारखान्यात टिपलेला. एकाला 'टिपलेले' म्हटलं आणि दुसऱ्याला 'टिपलेला'. माझी जीभही दिव्यांच्या मागे गेली बघा.

आधी थोडं तंत्र. मुख्य दिवा चेहऱ्याच्या बाजूला साधारण ४५ अंशांवर आणि डोळ्यांच्या वर ठेवायचा. सावलीतल्या गालावर उजेडाचा लहानसा त्रिकोण उमटला की त्याला म्हणतात 'रेम्ब्रांट लाइटिंग'. दिवा समोर आणि उंच नेला की नाकाखाली फुलपाखरासारखी सावली पडते; मार्लीन डीट्रिशच्या गालांची हाडं त्यानंच उठून दिसायची. सावली फार काळी वाटली तर दुसऱ्या बाजूला एक मंद दिवा, नाहीतर नुसता थर्माकोलचा पांढरा तुकडा. चेहऱ्याच्या मानानं दिवा जितका मोठा, तितकी सावलीची कड मऊ. एवढं एका दुपारीत शिकून होतं.

भांडण पुढच्या पानाशी आहे. तिथं बहुतेक पुस्तकं सांगतात, पुरुषाला बाजूचा उजेड द्या, बाईला समोरचा. म्हणजे माणूस स्टुडिओत शिरायच्या आधीच त्याचा स्वभाव ठरला! (आपल्याकडे स्थळासाठीच्या फोटोत दोन्हीकडून सारखे दिवे लावायचे. तिथं स्वभाव दिसूच नये हीच सोय असावी.)

आता क्रुप. दिवे दोन्ही बाजूंना, त्यामुळे चेहऱ्याच्या कडा उजळ आणि मधोमध काळोख. त्वचेवर हिरवट झाक. तो किंचित पुढं झुकलाय, हात हनुवटीखाली. सैतान दिसतो. पण त्या जागी आपल्या पोस्टमनला बसवा, तोही तसाच दिसेल. मग या चित्रानं सिद्ध काय केलं? काहीच नाही. गुन्हा न्यायालयात सिद्ध झाला होता: क्रुपच्या कारखान्यांत गुलाम कामगार राबवले गेले, त्यात छळछावणीतले कैदीही होते. १९४८ मध्ये नूरेंबर्गला त्याला १२ वर्षांची शिक्षा झाली. १९५१ मध्ये तो सुटला, मालमत्ताही परत मिळाली. १९६३ मध्ये तो पुन्हा प्रतिष्ठित गृहस्थ होता. न्यूमन स्वतः ज्यू. त्यानं त्या माफीवर सही करायला नकार दिला, असं मी ते चित्र वाचतो. कृती म्हणून मोठी. व्यक्तिचित्र म्हणून मात्र मला ते कमी वाटतं, कारण क्रुप हसला असता तरी त्या उजेडात अर्थ बदलला नसता. उलट अधिक भयंकर दिसला असता.

चर्चिलचं उलट. कार्शनं तोंडातला सिगार काढून घेतला आणि क्लिक केलं. ती चिडलेली मुद्रा जगानं हिटलरविरुद्धचा निर्धार म्हणून वाचली. लोक म्हणतात, निर्धार प्रकाशानं दाखवला. मला हे पटत नाही. त्याच बैठकीत कार्शनं दुसरं चित्र घेतलं, त्यात चर्चिल हसतायत. खोली तीच, आणि समोर एकदम घरातले आजोबा! म्हणजे या उजेडानं चेहऱ्याला बोलायला जागा ठेवली.

पण किती जागा? हसोत वा चिडोत, दोन्ही चित्रांत माणूस 'थोर'च. मागं अंधार, कपाळावर उजेड, हातांकडे वेगळं लक्ष: याच रीतीनं कार्शनं पुढं कितीतरी मंडळी टिपली आणि त्याच्या दिव्यांत क्षुद्र असं कुणी दिसलंच नाही. न्यूमनवर आपण पक्षपाताचा आरोप करतो, कार्शवर करत नाही. स्तुतीचा पूर्वग्रह आपल्याला पूर्वग्रह वाटत नाही, इतकंच. १९४३ च्या दुष्काळात बंगालसाठी मागितलेलं धान्य पाठवायला याच चर्चिलच्या सरकारनं टाळाटाळ केली. तो माणूस या चौकटीत कुठं आहे?

मागून प्रश्न आला, मग चर्चिलना क्रुपचा उजेड द्यायचा का? नाही. तो पुन्हा आधीच लिहिलेला निकाल झाला. मी एक मोठा, मऊ दिवा बाजूला ठेवीन, अंधाराची पार्श्वभूमी काढीन, आणि माणसाला तासभर बोलू देईन. सिगार त्याच्याकडेच राहू दे.