‘असं म्हणतात’ म्हणजे नेमकं कोण म्हणतं?

आजचा विषय घरचाच आहे. अमरावती, अकोला आणि आजूबाजूच्या तालुक्यांच्या गावांत एक पैसाही न घेता गावचा इतिहास सांभाळणारी काही माणसं आहेत. कोणी निवृत्त मास्तर, कोणी दुकानदार, कोणी कॉलेजात शिकणारा पोरगा. रविवारी किल्ल्यावरचं प्लास्टिक वेचतात, जुने फोटो गोळा करतात, म्हाताऱ्या माणसांना बोलतं करतात. त्यांच्या कामाचं मूल्यमापन आज आम्हाला करायचं आहे. कौतुक त्यांच्या वाट्याला अधूनमधून येतं, शाल-श्रीफळही मिळतं. नीट टीका मात्र कोणी करत नाही. आणि ज्या कामावर टीका होत नाही, ते काम लोकांनी मनापासून घेतलेलं नसतं, असं आमचं मत आहे.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करू. चाळीसेक वर्षांपूर्वी आम्ही एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी तासभर बोललो होतो. कापसाचा बाजार, अडते, रेचे, बैलगाड्यांच्या रांगा, असं बरंच काही तो सांगत होता आणि आम्ही ते कॅसेटवर घेतलं. परवा कपाट आवरताना ती कॅसेट सापडली. आवाज अजून स्वच्छ आहे. मध्येच तो म्हणतो, ‘मले माह्या आज्यानं सांगतलं.’ पण हा माणूस कोण? गाव कोणतं? साल कोणतं? कॅसेटच्या डबीवर आमच्या अक्षरात एकच शब्द आहे: ‘बाजार’. आयुष्यभर वर्गात प्रमाणशास्त्र शिकवलं, ज्ञान कशाला म्हणायचं यावर तास घेतले, आणि हातात आलेल्या साक्षीवर साक्षीदाराचं नाव लिहायचं मात्र सुचलं नाही. वस्तू राहिली, पुरावा गेला. आज जे बोलायचं आहे ते एवढंच आहे. पुढं फक्त त्याचा विस्तार.

आता, हौशी माणसांनी इतिहासाच्या भानगडीत पडू नये असं म्हणणारे विद्वान असतात. आम्ही त्यांच्यातले नाही. वऱ्हाडात तर असं म्हणणं कृतघ्नपणाचं होईल. ‘वऱ्हाडचा इतिहास’ हा ग्रंथ १९२४ साली लिहिला तो बुलढाण्याच्या या. मा. काळ्यांनी, आणि ते होते वकील. यवतमाळचे य. खु. देशपांडे हेही वकीलच. त्यांनी शारदाश्रम उभा केला, महानुभावांच्या पोथ्या धुंडाळल्या. १९३९ साली वाशिमचा वाकाटक ताम्रपट उजेडात आला, तेव्हा तो विद्वानांपुढं ठेवला तो याच देशपांड्यांनी आणि त्यांचे सहकारी महाजन यांनी.

या ताम्रपटानं काय केलं ते लक्षात घ्या. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटकांचा एक लेख आहे. बराच झिजलेला. त्यातलं एक नाव पूर्वीच्या अभ्यासकांनी चुकीचं वाचलं होतं, आणि त्यावरून वाकाटकांची वंशावळ मांडली गेली होती. वाशिमच्या ताम्रपटात पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन याचं नाव स्पष्ट आलं. मग वा. वि. मिराशींनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला आणि वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशिम, इथं राज्य करणारी वाकाटकांची वेगळी शाखा होती हे पक्कं झालं. वऱ्हाडातल्या एका पत्र्यानं अजिंठ्याची भिंत दुरुस्त वाचायला शिकवली. हे का जमलं? ताम्रपट सापडला म्हणून, हे खरंच. पण त्याहून जास्त, तो अक्षर न् अक्षर वाचून, ठसा देऊन, दुसऱ्याला तपासता येईल असा छापला म्हणून. नुसता देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकू वाहिलं असतं तर आजही त्याचं जतनच झालं असतं.

आज गावोगावी जे काम चाललं आहे, त्याला नेमकी इथं ठेच लागते. तीन उदाहरणं देतो.

पहिलं, आपली शकुंतला. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही छोट्या रुळांची गाडी. १९९४ साली तिचं वाफेचं इंजिन गेलं, डिझेलचं आलं, आणि पुढं गाडीच थांबली. ती वाचावी म्हणून लोकांनी निवेदनं दिली, आंदोलनं केली. त्या मंडळींबद्दल आम्हाला आदरच आहे. पण शकुंतलेबद्दल विचाराल तर दहातले आठ जण एकच गोष्ट सांगतील, की अजूनही इंग्लंडच्या राणीला या गाडीचं भाडं जातं. आता राणीही गेली, गोष्ट काही गेली नाही. रूळ टाकले ते एका खाजगी कंपनीनं. तिचा कारभार किलिक निक्सन या पेढीकडं होता आणि ती पेढी १८५७ साली मुंबईत निघाली होती. करार होता तो रेल्वे आणि कंपनी यांच्यात. राजघराण्याचा इथं संबंध नाही. कंपनी कोण, करार कसला, तो इतकी वर्षं का चालला, हे प्रश्न त्या चटकदार गोष्टीपेक्षा कितीतरी मोलाचे आहेत. गाडी वाचवायची असेल तर कामाला येईल तो करार. राणी येणार नाही.

दुसरं उदाहरण गॅझेटियरचं. आल्फ्रेड लायल यांचं वऱ्हाडचं गॅझेटियर १८७० चं, अकोला जिल्ह्याचं १९१० चं, अमरावतीचं १९११ चं. फार उपयोगी पुस्तकं, आम्हीही वापरतो. पण त्यांत गावाच्या नावाची, देवळाची, किल्ल्याची जी दंतकथा येते ती कुठून आली? साहेबानं तहसीलदाराला विचारलं, तहसीलदारानं पाटलाला, पाटलानं गावात जो समोर दिसला त्याला. ते छापलं गेलं. मग शाळामास्तरानं ते वाचून मुलांना सांगितलं. त्यातला एक मुलगा आज ऐंशी वर्षांचा आहे. आपला कार्यकर्ता फोन घेऊन त्याच्याकडं जातो, रेकॉर्ड करतो आणि लिहितो: ‘मौखिक परंपरेनंही गॅझेटियरला दुजोरा मिळतो.’ अहो, हा दुजोरा नव्हे. एकच साक्षीदार मागच्या दारानं पुन्हा आत आला आहे. आजोबांना फक्त एक प्रश्न जास्त विचारायचा होता: ‘तुम्हाला हे कोणी सांगितलं?’

तिसरं कौंडिण्यपूर. रुक्मिणीचं माहेर म्हणून त्याची ख्याती. १९६२ ते १९६४ या काळात मोरेश्वर दीक्षितांनी तिथं उत्खनन केलं. वर्धेच्या काठी फार जुनी वस्ती होती, सातवाहन काळातही ती नांदती होती, हे त्यातून दिसलं. ही केवढी मोठी गोष्ट! पण ती बाजूला राहते आणि ‘उत्खननानं रुक्मिणी सिद्ध झाली’ असं भाषणात ठोकून दिलं जातं. आख्यायिका खोटी म्हणून फेकून द्या असं आम्ही म्हणत नाही. शेकडो वर्षं लोक या गावाकडं कसं बघत आले याचा ती पुरावा आहे. प्राचीन घटनेचा पुरावा ती नव्हे. दोन्ही गोष्टी जपाव्यात, पण एकाच खणात कोंबू नयेत.

तत्त्वज्ञानाच्या भाषेत हा शब्दप्रमाणाचा प्रश्न आहे. आपल्या नैयायिकांनी दुसऱ्याच्या सांगण्याला ज्ञानाचं साधन मानलं. फार मोठी गोष्ट मानली ती, कारण आपल्याला जे ठाऊक असतं त्यातलं बहुतेक ऐकलेलंच असतं. पण त्यांनी अट घातली की सांगणारा आप्त हवा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याला विषय खरोखर माहीत आहे आणि जो तो जसाच्या तसा सांगू इच्छितो, तो आप्त. मग ‘असं म्हणतात’ या वाक्यातला आप्त कोण? कोणीच नाही. ज्याला कर्ताच नाही त्याची परीक्षा कशी घेणार?

तुम्ही म्हणाल, प्राध्यापक, ही तुमची विद्यापीठी शिस्त झाली, गावात कशी चालायची? राजेहो, ही शिस्त आपल्याच मातीतली आहे. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर घ्या. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधरस्वामी गेल्यावर त्यांची शिष्यमंडळी तिथं गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहिली. म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी गोळा करायला घेतल्या, ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांना विचारलं, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतलं. पुढं धामधुमीत मूळ पोथी गेली असं परंपरा सांगते. तेव्हा वेगवेगळ्या शिष्यांनी स्मरणातून लीळा पुन्हा उभ्या केल्या. स्मरण म्हटलं की फरक आलेच. त्यांनी काय केलं? फरक पुसले नाहीत. अमक्याची ‘वासना’ अशी, तमक्याची तशी, असं नावानिशी नोंदवून ठेवलं. वि. भि. कोलत्यांनी १९७८ साली संपादित केलेलं ‘लीळाचरित्र’ उघडून पाहा, हे भेद दिसतील. ‘स्थानपोथी’त तर स्वामी कुठं राहिले, ती जागा कुठल्या दिशेला, दार कुठं, असं टिपलेलं आहे.

हे काम त्यांना कोणी नेमून दिलं नव्हतं. भक्तीपोटी केलं, आणि ज्याला देव मानलं त्याच्याबद्दलच्या आठवणींतही मतभेद लपवले नाहीत. भक्ती आणि काटेकोरपणा यांचं भांडण असतंच असं नाही, हे रिद्धपूरनं दाखवून दिलं. गोविंदप्रभूंच्या लीळांमध्ये त्या काळचं रिद्धपूर, तिथली माणसं, त्यांचे व्यवहार सापडतात. त्यांचा इंग्रजी अनुवाद अमेरिकेच्या अ‍ॅन फेल्डहाउस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केला. वऱ्हाडातल्या एका गावाची नोंद सातशे वर्षांनी तिकडं वाचली जाते, कारण ती नोंदण्यात कसूर झाली नव्हती.

मतभेद नोंदवण्याचा मुद्दा केवळ विद्वत्तेचा नाही. त्यात न्यायाचाही प्रश्न आहे. अमरावतीच्या अंबादेवीबद्दल विचारलं की रुक्मिणीहरणाची कथा लगेच ऐकायला मिळते. पण १९२७ साली याच देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ झाली, पंजाबराव देशमुख तिच्या पाठीशी उभे राहिले, आणि त्या नोव्हेंबरात डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत परिषद भरली, हे किती जण आपणहून सांगतात? हा काही शंभर वर्षांच्या आतला, कागदोपत्री असलेला इतिहास. ‘गाव म्हणतं’ असं लिहिलं की गावातला जो मोठ्यानं बोलतो त्याचंच लिहिलं जातं. सांगणाऱ्याचं नाव, वस्ती, पिढी लिहायला लागलो की आपल्यालाच दिसतं, अरे, या वहीत वेशीबाहेरचं एकही माणूस नाही. बाई तर एकही नाही.

आता आमच्याविरुद्धचा आक्षेप, आणि तो खोटा नाही. म्हातारी माणसं थांबत नाहीत. वाडा आज पाडतात, उद्या तिथं कॉम्प्लेक्स उभं राहतं. अशा घाईत शिस्तीच्या गोष्टी करणं सोपं नाही. मान्य. तपासणी नंतर करता येते, शंभर वर्षांनीसुद्धा. अजिंठ्याचा लेख नाही का पुन्हा वाचला? पण कोणी सांगितलं, कुठं, केव्हा, हे त्याच क्षणी लिहावं लागतं. ते नंतर कोणालाच लिहिता येत नाही. आमच्या कॅसेटचं तेच झालं.

इंग्लंडचे कॉलिंगवुड तत्त्वज्ञ होते आणि रोमन काळातल्या ब्रिटनचे अवशेषही अभ्यासत होते. जुनी वचनं कात्रीनं कापून डिंकानं चिकटवणाऱ्या इतिहासाची त्यांनी चांगलीच खोड मोडली. त्यांचं म्हणणं असं की आधी प्रश्न हवा, मग वस्तू पुरावा होते. आम्ही त्यात एवढीच भर घालू, की प्रश्न उद्याचा कोणी विचारेल, पण त्याला उत्तर सापडेल अशी सोय आज आपणच करायची आहे.

म्हणून मागणं लहान आहे. प्रत्येक फोटोमागं, प्रत्येक रेकॉर्डिंगबरोबर पाच ओळी लिहा. सांगणारा कोण. त्याला कोणी सांगितलं. ठिकाण आणि तारीख. टिपून घेणारा कोण. आणि पाचवी ओळ, हे ज्याला मान्य नाही असा कोणी गावात आहे का, आणि तो काय म्हणतो. पाचवी ओळ सगळ्यात अवघड. भांडणं होतील. होऊ द्या. आम्ही प्राध्यापक मंडळींनीही इतकी वर्षं या कार्यकर्त्यांना व्यासपीठावर बसवलं, पण त्यांच्या वहीत डोकावलो नाही. तो दोष आमचा. आता वही घेऊन आलात तर बसू, वाचू, चुका काढू.

त्या कॅसेटच्या डबीवर आम्ही आता लिहिलं आहे: ‘सांगणारा अज्ञात. नोंद न करणारा मी.’ निदान एवढं तरी खरं आहे.